मराठवाड्यात दारूमुक्तीची मिटिंग शोधायची कशी आणि तिथे टिकायचं कसं

दारू सोडायची आहे पण एकट्याने जमत नाही, हे ज्याला कळून चुकलंय त्याच्यासाठी हा लेख आहे. त्याच्या बायकोसाठी, आईसाठी, भावासाठीही आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांत राहायचं, हाताशी एसटी आणि एक मोबाईल एवढंच, तर मदतगटाच्या बैठकीपर्यंत कसं पोचायचं आणि आत गेल्यावर काय होतं, ते इथे क्रमाने सांगतो. मी स्वतः याच खोल्यांमध्ये बसून दारू सोडलेला माणूस आहे. या गटांच्या रिवाजाप्रमाणे नाव देत नाही.

2019 साली दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांमागे जेमतेम एकाला कसलीतरी मदत मिळाली, असं त्यात दिसलं. उरलेले सदतीस कुठे असतात, हे आपल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. त्यातले बरेचजण मिटिंगला येऊ शकतात. काहीजण एकदा येऊनही जातात. गाडी अडते ती दुसऱ्या मिटिंगला. म्हणून तयारी करायची ती दोन्ही मिटिंगांची, एकदमच.

आधी शरीराचं बघा

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण इथे जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम तोडली तर शरीर उलटतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, दरदरून घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. गावाकडे याला 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावत बसतात आणि त्यात वेळ जातो. हा वैद्यकीय आणीबाणीचा प्रसंग आहे. 108 ला फोन करा, दवाखान्यात न्या.

सकाळी उठल्यावर हात कापतात आणि थोडी घेतली की थांबतात, पूर्वी कधी सोडताना फिट आली होती, किंवा वर्षानुवर्षं रोज पिणं चालू आहे, यातलं एक जरी लागू असेल तरी आधी डॉक्टरकडे जा. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ, लातूरला विलासराव देशमुख संस्था. तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत दारू सोडवण्याचे उपचार मिळतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी कुठल्या दिवशी असते ते विचारून घ्या. केसपेपर काढताना लाज वाटते हे मला माहीत आहे. 'झोप येत नाही, हात कापतात' एवढं सांगितलं तरी पुढचं डॉक्टर विचारतात. फक्त रोज किती पिता ते डॉक्टरला खरं सांगा. 'कधीमधी घेतो' म्हणालात तर औषधाचा डोस त्याच हिशेबाने ठरेल आणि कमी पडेल.

गावातल्या गावात सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. सलाईनने तरतरी येते, दारू सुटत नाही. शिवाय जुन्या पिणाऱ्याच्या अंगात व्हिटॅमिन बी-1, म्हणजे थायमिन, फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावायची वेळ आलीच तर 'थायमिन दिलंय का' एवढं घरच्यांनी विचारावं.

उपचार चालू असताना मिटिंगला जाता येतं, आणि जावंच. मदतगट औषधं देत नाही, बंदही करत नाही. एखादा उत्साही सभासद 'आता गोळ्या सोडा, मिटिंग पुरे' म्हणाला तर ते त्याचं मत समजा. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरचा.

कुठले गट आहेत

सगळ्यात जास्त ऐकलेलं नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलताना सगळे नुसतं 'एए' म्हणतात. 1935 साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहू लागले, तिथून हे सुरू झालं. भारतात 1957 पासून आहे. फी नाही, वर्गणी नाही, फॉर्म नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असण्याचीसुद्धा अट नाही.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाची वेगळी संघटना आहे, 1951 पासूनची. नवरा, मुलगा, बाप पितो अशा माणसांची ती बैठक. पिणारा येवो न येवो, घरच्यांनी जायला हरकत नाही.

तिसरं म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट. पुण्याचं मुक्तांगण 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे उपचार घेऊन आलेल्यांसाठी महाराष्ट्रात गावोगावी फॉलोअपच्या बैठका होतात आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. तुमच्या भागातल्या केंद्राचा असा गट असेल तर तिथेही विचारा. बाहेरच्यांनाही बसू देतात का, एवढं फोनवरच कळतं.

'नुसत्या गप्पा मारून दारू सुटते होय?' असं चावडीवर कुणीतरी म्हणणारच. 2020 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, यांचा एकत्र आढावा घेतला. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एएच्या वाटेने नेणारे कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरसच ठरले. चावडीवर हे सांगून उपयोग नाही, पण तुमच्या स्वतःच्या मनात शंका असेल तर ती मिटावी म्हणून सांगितलं.

फोन कसा करायचा

एएचं भारताचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. गुगलवर 'एए जीएसओ इंडिया' असं शोधलंत की त्यांचं संकेतस्थळ आणि हेल्पलाईन मिळते. तिथे शहराचं नाव सांगून जवळचा गट विचारा. स्मार्टफोन नसेल, किंवा आधी नुसतं कुणाशी बोलायचं असेल, तर दोन सरकारी नंबर आहेत. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. दोन्हीला पैसे पडत नाहीत आणि टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. वरच्या सरकारी रुग्णालयांत समुपदेशक किंवा मानसोपचार विभागातले समाजसेवा अधीक्षक असतात. गावातला गट अजून चालू आहे की बंद पडला, हे बहुधा त्यांना माहीत असतं.

इंटरनेटवरची यादी जुनी असू शकते. शाळेने वर्ग काढून घेतला, हॉलची डागडुजी निघाली, की गट दुसऱ्या गल्लीत जातो. म्हणून यादी बघून थेट निघू नका. आधी फोन लावा आणि हे विचारा: मिटिंग कुठल्या वारी, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपते? मराठीत चालते की हिंदीत? ओपन आहे की क्लोज्ड? ओपन मिटिंगला घरचे, शेजारी, कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बसस्टँडवरून कसं यायचं? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात कामाचा वाटतो: 'मी नवीन आहे, कुणी स्टँडवर घ्यायला येईल का?'

हा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. विचाराच. नव्या माणसाला आणायला जाणं हे जुन्या सभासदाला ओझं वाटत नाही, त्याच्या स्वतःच्या दारूमुक्तीचा तो भागच असतो. आणि त्याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. एकटा आलेला माणूस समोरच्या टपरीवर चहा घेतो, दाराकडे बघतो, एक सिगारेट ओढतो, आत जाणाऱ्यांत कुणी ओळखीचं दिसतं का ते न्याहाळतो आणि पुढच्या गाडीने परत जातो. स्टँडवर कुणी उभं असलं की ही पंधरा मिनिटं टळतात.

येण्याजाण्याचं गणित

बहुतेक मिटिंगा संध्याकाळी असतात, कामावरची माणसं तेव्हाच मोकळी होतात म्हणून. शहरवाल्यांना ते सोयीचं. तुम्ही तालुक्यापासून वीस किलोमीटर आत राहत असाल तर मुक्कामी गाडी किती वाजता सुटते त्यावर सगळं ठरतं. साडेआठला मिटिंग संपणार आणि शेवटची एसटी आठला, असं असेल तर तसं गटात सांगून लवकर उठायला कुणी हरकत घेत नाही. दाराजवळ बसा, गाडीच्या वेळी उठा. रविवारी सकाळची किंवा दुपारची मिटिंग आहे का, तेही विचारून ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणं होतच असेल तर त्याला जोडून मिटिंग जमते का बघा. मात्र बाजाराचा दिवस हा तुमचा पिण्याचाही दिवस असेल, तर तो सरळ टाळा. दुसरा वार धरा.

पैशाचं म्हणाल तर मिटिंगला खर्च शून्य, तिकिटाचा तेवढा. घरातली बाई अल-अ‍ॅनॉनला निघाली तर 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

'गावात कळलं तर?' ही भीती खोटी नाही. आपल्याकडे पिऊन गटारात पडलेला माणूस सगळ्यांना सवयीचा असतो, पण सोडायला निघालेल्याची चर्चा होते. त्यावर साधा उपाय असा की आपल्या गावाऐवजी शेजारच्या शहरातला गट धरायचा. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर राहणाऱ्यांना हे जास्त सोपं. सेलूच्या माणसाला एका बाजूला परभणी आहे, दुसऱ्या बाजूला जालना. काही महिन्यांनी भीती ओसरली की जवळचा गट धरता येतो. आणि मिटिंगमध्ये गावातलाच कुणी भेटला, तर तोही त्याच कारणासाठी तिथे बसलेला आहे, हे ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी खोलीत काय होतं

जागा साधी असते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, कुठे एखाद्या संस्थेची वरच्या मजल्यावरची खोली. बाहेर मोठा फलक नसतो. फार तर दारावर वर्तुळातल्या त्रिकोणाची खूण आणि 'एए' ही दोन अक्षरं. आत खुर्च्या नाहीतर शाळेचे बाक. भिंतीवर दोन तक्ते टांगलेले, एकावर बारा पायऱ्या, म्हणजे सभासदाने दारूमुक्तीसाठी एकेक करून चढायचे टप्पे, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवायचा त्याचे संकेत. टेबलामागे त्या दिवशी मिटिंग चालवणारा सभासद. तो अध्यक्ष वगैरे नसतो, पुढच्या वेळी दुसरा कुणी असतो. समोर थोडी पुस्तकं आणि एक डबा.

वेळ झाली की क्षणभर शांतता, मग शांतीची प्रार्थना. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याची समज मागणारी ती छोटी प्रार्थना आहे. त्यानंतर एए म्हणजे काय हे सांगणारा एक उतारा वाचतात. मग बोलणं सुरू होतं, त्याला सगळे 'शेअरिंग' म्हणतात. माणूस नाव सांगतो, अल्कोहोलिक असल्याचं सांगतो, बाकीचे नमस्कार म्हणतात आणि तो बोलायला लागतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मध्ये कुणी तोंड घालत नाही. प्रश्न नाही, सल्ला नाही, 'असं कसं केलंत' नाही. आपल्या घरात आणि पारावर बोलण्याची ही रीत नसल्यामुळे पहिल्यांदा ती विचित्र वाटते. माणूस बोलून थांबतो, आणि खोली तशीच गप्प राहते. मग पुढचा बोलायला लागतो.

कुणाची कहाणी मी इथे सांगणार नाही, ती त्या खोलीतच राहायची असते. पण कशाबद्दल बोलतात ते सांगतो. उचल घेतलेले पैसे हंगामाआधीच संपले त्याबद्दल. पोरीच्या फीचे पैसे खिशात घेऊन निघालो आणि शाळेपर्यंत पोचलोच नाही त्याबद्दल. मेहुण्याच्या लग्नात झालेली शोभा. सकाळी दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभं राहणं. आणि त्याच बरोबरीने: काल पोराने बऱ्याच दिवसांनी शेजारी बसून जेवण केलं. सोसायटीचं थकलेलं कर्ज फेडायला घेतलंय. आज राग आला होता, पिलो नाही. ऐकता ऐकता कधीतरी आपलंच कुणी सांगतंय असं वाटतं. त्या दिवसासाठी एवढं झालं तरी खूप.

तुमच्यावर बोलायची सक्ती नसते. पाळी आली तर 'मी अमुक, पहिल्यांदाच आलोय, आज फक्त ऐकतो' म्हणा आणि बसा. खरं नाव सांगायचं नसेल तर कुठलंही सांगा, पडताळणारा कुणी नाही. आडनाव, जात, गाव विचारण्याची पद्धत नाही. मराठवाड्यात राहून ज्याला प्रत्येक ठिकाणी 'कुणाचे तुम्ही?' हे ऐकायची सवय आहे, त्याला या गोष्टीचं मोल चटकन कळेल.

पिऊन गेलं तर चालतं का, असं पुष्कळजण विचारतात. न पिता जाणं बरं, ऐकलेलं डोक्यात राहतं. पण पिल्याशिवाय पाय उचलतच नसेल तर तसेही जा, गप्प बसा, बोलू नका. गोंधळ घातला नाही तर कुणी बाहेर काढत नाही.

शेवटी डबा फिरतो. ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही असा एएचा नियमच आहे, त्यामुळे ना कुठला पुढारी येतो, ना फ्लेक्स लागतो. नवीन माणसाने काही टाकायची गरज नाही. मग सगळे उभे राहून पुन्हा प्रार्थना म्हणतात, आणि कागदी कपातला चहा येतो. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपला टाकायचा नाही, हे सांगायला नकोच.

चहा संपेपर्यंत थांबा. हे मी आग्रहाने सांगतोय. बस नसेल तर थांबाच. मिटिंग तास-दीड तासाची, पण ओळख होते ती चहाच्या दहा मिनिटांत. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि निघण्याआधी पुढच्या मिटिंगचा वार विचारून फोनमध्ये गजर लावा.

देवाचं काय, माळेचं काय

बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण 'आपल्याला जसा समजेल तसा', एवढी मोकळीक देऊन. वारकरी माणसाला त्यात विठोबा दिसतो, मुसलमान भाऊ अल्लाचं नाव घेतो, देव न मानणारा समोरच्या गटालाच आपल्यापेक्षा मोठी ताकद मानतो. बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, त्यामुळे बौद्ध घरातल्या माणसाला मिटिंगला जाण्यात आपली वाट सोडावी लागते असं वाटण्याचं कारण नाही. प्रार्थना म्हणायची नसेल तर नुसतं उभं राहा.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माळ घातली असेल तर ती ठेवा आणि मिटिंगलाही जा. माळ मोडल्यावर माणूस 'आता देवालाही तोंड दाखवायला जागा नाही' म्हणून आणखी खोल जातो, तेव्हा ज्यांच्याकडे परत जाता येईल अशी चार माणसं लागतात.

दुसरी मिटिंग, आणि पुढचे तीन महिने

पहिल्या मिटिंगनंतर दोन-तीन दिवस बरं वाटतं. मग मन हिशेब मांडतं: 'मी काही त्यांच्याएवढा पीत नव्हतो.' 'तिथला तो म्हातारा फारच बोलतो.' 'एवढ्या लांब कशाला जायचं, आता समजलं की.' हे प्रत्येकाला होतं. म्हणून दुसऱ्या मिटिंगला जायचं की नाही हे त्या दिवशीच्या मनावर सोडू नका. आदल्या दिवशी नंबर घेतलेल्या माणसाला फोन करून 'उद्या येतोय' सांगून टाका. सांगितलं की जावं लागतं. निदान सहा मिटिंगा झाल्याशिवाय 'मला हे जमत नाही' असं ठरवायचं नाही, एवढं स्वतःशी ठरवा. एक गट पटला नाही तर दुसरा बघा, प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी असते.

एएमध्ये नव्या माणसाला 90 दिवसांत 90 मिटिंगा करायला सांगतात. मुंबई-पुण्यात ते शक्य आहे. आपल्याकडे आठवड्यातून एक-दोन मिळाल्या तरी खूप. मग उरलेले दिवस असे भरायचे: मोबाईलवर झूमच्या मराठी आणि हिंदी मिटिंगा होतात, त्यांची लिंक गटातूनच मिळते. शेतात, गोठ्यात, कुठेही कानात हेडफोन घालून ऐकता येतं. ज्या दिवशी तेही नाही, त्या दिवशी एका सभासदाला फोन. पाच मिनिटांचा. 'आज पिलो नाही' एवढंच सांगायला. पुढे ज्याचं बोलणं आणि वागणं दोन्ही पटतं अशा जुन्या सभासदाला 'माझे स्पॉन्सर व्हाल का' म्हणून विचारा. तो बारा पायऱ्यांतून तुम्हाला घेऊन जातो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी हा संकेत पाळलेला चांगला.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. बीड, जालना, परभणीकडची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. उन्हाळ्यात धरलेली मिटिंग तिथे सुटते, फडात थकवा अफाट, आणि टोळीत संध्याकाळी बाटली असतेच. निघण्याआधी दोन कामं करा. कारखाना कुठल्या तालुक्यात आहे ते सांगून तिथल्या गटाचा नंबर इथूनच घेऊन ठेवा. आणि रोज कुणाला, किती वाजता फोन करायचा ते नाव ठरवा. मुकादमाला सगळं सांगायची गरज नाही, 'डॉक्टरने बंद केली' एवढं उत्तर पुरतं.

धोक्याचे दिवस आधीच माहीत असतात. श्रावणाच्या तोंडावरची गटारी अमावस्या, पोळा, कंदुरी, हुरड्याचे दिवस, लग्नसराई, आणि सोयाबीनचा किंवा कापसाचा पैसा हातात येतो तो दिवस. त्या संध्याकाळी मिटिंगला जा, नसेल तर ऑनलाईन बसा, पैसा घरी देऊन मग बाहेर पडा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांपैकी कुणी अंगात आलं की तलफ मागे येते. आधी पोटभर जेवा. हा सल्ला फार साधा वाटतो, पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळात तो बऱ्याचदा पुरतो.

बायकांसाठी

पिणाऱ्या बायका मराठवाड्यातही आहेत, आणि त्यांना मिटिंगपर्यंत पोचणं पुरुषांपेक्षा कितीतरी अवघड आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने बसण्याचा ताण मोठा असतो. फोनवर 'गटात महिला सभासद आहेत का' हे आधी विचारा. नसतील तर फक्त महिलांच्या ऑनलाईन मिटिंगांची लिंक मागा आणि तिथून सुरुवात करा.

नवरा पितो म्हणून अल-अ‍ॅनॉन शोधणाऱ्या ताईंना एक सांगणं आहे. तिथे नवऱ्याची दारू सोडवण्याची युक्ती मिळत नाही. त्याची दारू तुमच्यामुळे लागली नाही आणि तुमच्या धाकाने सुटणारही नाही, हे तिथे समजतं, आणि त्याने न पिणं सुरू करायच्या आधीही घरातलं जगणं थोडं सावरता येतं. मात्र मारहाण होत असेल तर मिटिंगची वाट बघत बसू नका. महिला हेल्पलाईन 181, तातडीच्या वेळी 112.

घरच्यांनी काय करू नये

'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. भाजीत, चहात औषध मिसळायचं आणि माणूस आपोआप सोडतो म्हणे. अशा पुड्यांमध्ये काय आहे ते कुणीच सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध त्यात असेल आणि वर तो माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

दुसरं, रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी काही केंद्रं आहेत. भरती करण्याआधी तिथे जाऊन बघा: डॉक्टर कोण आहेत, किती वेळा येतात, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. बांधतात किंवा मारतात असं कळलं तर तिथे ठेवू नका.

मिटिंगहून आल्यावर 'काय झालं, कोण कोण होतं' असं खोदून विचारू नका. त्याने सांगितलं तेवढं ऐका. जेवण गरम करून द्या.

गावात गटच नसेल तर

दोन माणसं पुरतात. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन जण एकत्र बसले की एएच्या दृष्टीने तो गट होऊ शकतो. आधी काही महिने शेजारच्या शहरातल्या गटात नियमाने जा, रीत अंगवळणी पडू द्या. मग तिथल्याच एकदोन जुन्या सभासदांना आठवड्यातून एकदा तुमच्या गावी येण्याची विनंती करा. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे एक वर्ग मागा आणि भाडं थोडं का होईना, द्या. वार आणि वेळ एकदा ठरली की ती बदलू नका. मुंबईच्या कार्यालयातून मराठी पुस्तिका मागवता येतात, गटाची नोंदही तिथेच होते. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई, पोलिस पाटील, मेडिकलचं दुकान इथे एक छोटी चिठ्ठी देऊन ठेवा: वार, वेळ, जागा, एक नंबर. कुणीही आलं नाही तरी ठरलेल्या वेळी दार उघडायचं, दिवा लावायचा, तासभर बसायचं. नवा माणूस कुठल्या आठवड्यात येईल ते सांगता येत नाही.

परत प्यालात तर

याला 'स्लिप' म्हणतात, आणि पुष्कळांची होते. पहिला घोट झाला की मन म्हणतं, आता कुठल्या तोंडाने जायचं. तर त्याच आठवड्यात जा. जाऊन 'मी प्यालो' एवढं म्हणा. तुमचं मागचं सगळं पुसलं असं तिथे कुणी म्हणत नाही. त्या खोलीत बसलेल्यांपैकी बऱ्याचजणांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं आहे. आणि बरेच दिवस रोज पीत राहिला असाल, तर पुन्हा एकदम बंद करताना फिट आणि भासांचा तोच धोका असतो. तेव्हा आधी ओपीडी, आणि त्याच संध्याकाळी नंबर दिलेल्या सभासदाला फोन करून पुढची मिटिंग कधी आहे ते विचारा.